जिभेकडचं मूळ

सातेरी घाडी, वय त्रेपन्न, कणकुंबी.
खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ.
चार वर्षांपूर्वी रूट कॅनॉल झालेलं,
वर कॅपही बसवलेली.
"तरी ठणकुलाल्या," तो म्हणतो,
"दिवसा गप. रात्री उठत्या, म्हशीगत."

कुणी केलं होतं, हे मी विचारत नाही.
कार्डावर अक्षर माझंच आहे.

जुनी फिल्म खिडकीशी धरते.
पलीकडे खानापूरचा स्टँड,
जांबोटीची बस मागे येतेय,
कंडक्टर पत्र्यावर थाप मारत, बरली, बरली.
फिल्मवर दोन मुळं,
कॉलेजच्या तक्त्यावर होती तशीच.
पुढच्या मुळात दोन पांढऱ्या रेघा, मागच्यात एक,
तिन्ही टोकापर्यंत भरलेल्या.
त्या दिवशी मी स्वतःवर खूश झाले असणार.

पण मागच्या मुळाची कड
एका जागी दुहेरी आहे,
कार्बन सरकलेल्या पावतीसारखी.
तेव्हाही होती.
मी तिला फिल्मचा दोष समजले होते.

नळी पंचवीस अंश पुढे सरकवून
पुन्हा फोटो घेते.
मागच्या मुळाच्या आडोशातून
बाहेर येतं तिसरं,
बारीक, वाकडं, जिभेच्या बाजूला.
नीलव्वा माझ्या खांद्यावरून बघते.
"इन्नोंदु बेरु ऐती, मेडम्."
होय. अजून एक आहे.
(बारा वर्षांत मी तिच्याकडून
दातांचं कानडी शिकले,
तिनं माझ्याकडून फक्त शिव्या.)

कॅप कापली. रबराच्या हिरव्या चौकोनात
दाढ एकटीच उभी.
जुनं गुलाबी भरण निघताना वास येतो
बंद खोलीचा.
खालच्या दाढेचं दार त्रिकोणी कापायचं,
असं शिकवलेलं.
त्रिकोणाचा एक कोपरा मी मोडते,
जिभेकडे सरकते,
केसाएवढं, मग अजून केसाएवढं.
तळाशी काळसर रेघ दिसते.
औषध सोडलं की तिच्या टोकाशी
बारीक बुडबुडे.

आठ नंबरची फाईल, टोक चिमटीत वाकवून.
सरळ सुई इथे भिंत फोडते,
नाहीतर मोडून आतच राहते.
पाव वळसा. मागे. धुवायचं.
पाव वळसा.
मशीन आधी थांबत थांबत, मग सलग वाजतं.
अठरा मिलिमीटर.
चार वर्षं या अठरा मिलिमीटरांत
कुणी गेलं नव्हतं.

एक वाक्य मी तयार ठेवलं होतं:
अशी दाढ शंभरात चार-दोघांनाच असते.
खरं आहे ते.
पण रोज दहा दाढा बघणारीनं
ते वाक्य बोलू नये.
"मागच्या वेळी एक मूळ माझ्याकडून राहिलं," म्हणते.
"दिसलं नाही म्हणून नव्हे. दिसलं होतं."

सातेरीचा अर्धा गाल बधिर,
शब्द एका बाजूनं गळतात.
"आमच्याकडं बी कॅनॉल खणलं की, म्याडम.
तीन वर्सं होतो मी कामावर.
सायेब नकाशा बघुलाला,
पाणी भलतीकडनं येऊलालं."
मग जरा थांबून,
"पर चार वर्सं झोप न्हाई मला.
ते बी लिवा तिथं."

कार्डावर लांबीसाठी तीनच चौकोन छापलेत.
चौथा मी हाताने काढते, तिरका येतो.
खाली लिहिते: झोप.
नीलव्वा काही विचारत नाही.

सात वाजता शटर अर्धं ओढून
जुन्या फिल्मांचा खण उपसते,
एकेक ट्यूबलाइटखाली धरत.
बहुतेक ठीक आहेत.
एकीवर ती दुहेरी कड.
इनास सोज, गुंजी, खालची डावी दाढ.
परत कधी आली नाही.
बरं वाटलं असेल, असं मी धरून चालले होते.
फोन लावते.
नंबर बंद असल्याचं एक बाई आधी कानडीत सांगते,
मग इंग्रजीत.

"गुंजीची पहिली बस किती वाजता गं?"
नीलव्वा टॉवेल वाळत घालताना
सांगते, साडेसहा.
पण कधीकधी येतच नाही.